कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे : पुतळा आणि प्रमाण

१

कल्याणाहून जुन्नरास जाणाऱ्या प्राचीन मार्गावर, नाणेघाटाच्या माथ्याशीं, जें लेणें आहे तें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. त्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या प्रतिमा एका ओळीनें कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा नाहींत. पावलांच्या अस्पष्ट खुणांवांचून तेथें कांहीं दिसत नाहीं. परंतु त्यांच्या डोक्यांवर जीं नांवें खोदलीं होतीं त्यांपैकीं कित्येक अद्याप वाचतां येतात. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णि, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, हीं नांवें दोन हजार वर्षें वारा-पाऊस सोसून उभीं आहेत आणि ज्यांचीं तीं नांवें त्यांचे चेहरे मात्र गेले आहेत. महाराष्ट्रांतील व्यक्तिप्रतिमांच्या इतिहासाचें पहिलें पान असें अर्धें फाटलेलें आपल्या हातीं आलें आहे.

आमच्या काळीं या पानाची दुसरी बाजू फाटूं लागली आहे, असें आम्हांस वाटतें. चौकाचौकांत पुतळे उभे आहेत, त्यांस हार पडतात, त्यांचीं उद्घाटनें कोणीं केलीं तें संगमरवरी पाटीवर ठळक अक्षरांनीं लिहिलेलें असतें. पण तो पुतळा कोणीं घडविला, कोणत्या आधारावरून घडविला, त्याचा मूळ नमुना कोठें आहे, हें विचारूं लागल्यास उत्तर देणारा भेटत नाहीं. तेथें नांव राहिलें, प्रतिमा गेली. येथें प्रतिमा राहते आणि नांव जातें. इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें दोन्ही हानि सारख्याच.

हा विचार मनांत येण्याचें निमित्त म्हणजे कल्याण-डोंबिवलीशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलेलें आहे ते शिल्पकार श्री. सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांचें काम. ता. ३० ऑगस्ट २०२१ रोजीं, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले. अशा पुरुषाचा गौरव करणें सोपें आहे व तो त्यांस जन्मभर लाभलाही. परीक्षण करणें हें त्याहून निराळें काम आहे आणि तें आमच्यासारख्या कागदपत्रांत वावरणाऱ्यांनीं केल्यास त्यांत कांहीं अनुचित नाहीं. कारण पुतळा हाही एक दस्तऐवज आहे. त्याची भाषा मात्र वाचावयास शिकलें पाहिजे.

२

साठे यांचा जन्म ता. १७ मे १९२६ रोजीं वाडा येथें झाला. वाडा तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. त्यांचें वाढणें मात्र कल्याणचें. घरांत गणेशमूर्ति घडविण्याचा परिपाठ होता, आणि शाडूच्या मातीची ओळख त्यांस शाळेच्या पाटीबरोबरच झाली. पुढें मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्यें त्यांनीं शिल्पाचें रीतसर शिक्षण घेतलें.

या दोन शाळांतील अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे. गणपतीच्या कारखान्यांत प्रमाण आधींच ठरलेलें असतें. सोंड कोठें वळावी, पोटाचा घेर केवढा, हात किती, आयुधें कोणतीं, हें सर्व परंपरेनें सांगून ठेविलें आहे; कारागिराचें कसब तें चोख उतरविण्यांत आहे. शिवाय ती मूर्ति टिकावी अशी कोणाची अपेक्षाच नसते. दीड दिवसांनीं किंवा दहा दिवसांनीं ती पाण्यांत जाते. जे. जे. मध्यें याच्या उलट. तेथें समोर जिवंत मनुष्य बसवून त्याच्यासारखें घडवा असें सांगत, आणि घडविलेलें कांशांत ओतून शतकानुशतकें राहावें अशी महत्त्वाकांक्षा धरीत. ज्याच्या हाताला पहिल्या शाळेची सवय आहे त्यास दुसऱ्या शाळेंत बरेंच विसरावें लागतें. साठे यांनीं विसरण्यासारखें तेवढेंच टाकलें, आणि मातीवरची पकड, हाताचा वेग व निश्चय हीं जवळ ठेविलीं, असें त्यांच्या कामावरून दिसतें.

जे. जे. ची स्थापना १८५७ ची. त्या संस्थेंतून निघालेल्या वास्तवशैलीच्या शिल्पकारांची जी परंपरा महाराष्ट्रांत झाली तिचे आद्य पुरुष गणपतराव काशिनाथ म्हात्रे. १८९६ सालीं, विद्यार्थिदशेंतच, त्यांनीं घडविलेल्या देवदर्शनास निघालेल्या मराठी स्त्रीच्या प्लास्टरच्या मूर्तीनें इंग्रज व देशी दोघांसही चकित केलें. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं तिची वाखाणणी केली आणि रवींद्रनाथांसारख्या कवीनें तीवर बंगालींत लेख लिहिला. रीत विलायती, पण नेसणें, उभें राहणें व लज्जा हीं इकडचीं. हा जो मेळ म्हात्रे यांनीं घातला त्याच वाटेनें पुढची पिढी गेली. वसईस १८८४ सालीं जन्मलेले रघुनाथराव फडके हे तिच्यांतलेच. गिरगांव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. अलिबागजवळच्या सासवन्याचे विनायकराव करमरकर हेही तिच्यांतलेच. पुण्यांतील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, ज्याचें उद्घाटन १९२८ सालीं झालें, तो त्यांचा. साठे हे या मालिकेंतील पुढचे. वसई, वाडा, कल्याण, सासवनें, हीं सारीं स्थळें उत्तर कोंकणचीं आहेत, ही गोष्ट स्थानिक इतिहास लिहिणारांनीं टिपून ठेवावी.

३

आतां परीक्षणाचें माप कोणतें घ्यावें, तें ठरविलें पाहिजे. हल्लींच्या कलाविषयक लिखाणांत वास्तवशैलीच्या पुतळ्यास कमी लेखण्याची चाल आहे. तो केवळ धातूंतील छायाचित्र होय, त्यांत कल्पना ती काय, असें म्हणतात. हा आक्षेप आपल्या जुन्या शास्त्रास नवा नाहीं. शुक्रनीतींत देवांच्या प्रतिमा तेवढ्या श्रेयस्कर मानल्या आहेत. मनुष्याची प्रतिमा सुंदर असली तरी ती तशी नव्हे असा तिचा कौल आहे. पण दुसरीही परंपरा आहे. भासाच्या प्रतिमानाटकांत आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरील प्रतिमागृहांत शिरतो. तेथें मृत राजांच्याच प्रतिमा ठेवीत असत. त्यांत दशरथाची प्रतिमा पाहून त्यास पित्याचें मरण कळतें. सादृश्य हुबेहूब नसतें तर भरतानें ती ओळखली नसती, आणि नाटकाचा तो सारा प्रसंग कोसळला असता. सादृश्य हें येथें अलंकार नाहीं; वृत्त सांगणारा दूतच आहे. आणखी एक गोष्ट: त्या प्रतिमागृहांत एक देवकुलिक आहे. कोणती प्रतिमा कोणाची हें तो सांगतो. प्रतिमेस जाणत्याची जोड लागते, हें भासानें ओळखलें होतें.

कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेंत चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत त्यांत प्रमाण व सादृश्य हीं दोन वेगळीं मोजलीं आहेत. प्रमाण म्हणजे मापांची यथायोग्यता. परंतु संस्कृतांत याच शब्दाचा दुसरा अर्थ पुरावा, ज्ञानाचें साधन, असा आहे, आणि नैयायिकांचें सगळें शास्त्र त्यावर उभें आहे. ऐतिहासिक पुरुषाच्या पुतळ्यास हीं दोन्ही प्रमाणें लागतात. मापें चुकलीं तर तो बाहुला होतो. पुरावा नसला तर ती कादंबरी होते.

सोमेश्वराच्या मानसोल्लासांत चित्राचे विद्ध व अविद्ध असे भेद आहेत. आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें जें तें विद्ध. अंतःप्रेरणेनें उमटलेलें तें अविद्ध. (हा सोमेश्वर कल्याणीचा चालुक्य, ती कल्याणी बीदरकडची, आपलें खाडीवरचें कल्याण नव्हे. हा घोटाळा अजूनही कित्येकांच्या लिहिण्यांत होतो.) साठे यांचें काम या भेदाच्या आधारें वाचल्यास तें अधिक कळतें, असा आमचा अनुभव आहे.

४

विद्धाचें उदाहरण म्हणून दिल्लीचा गांधीजींचा पुतळा घ्यावा. जुन्या दिल्लींत टाउनहॉलजवळ १९५४ सालीं तो उभा राहिला. साठे तेव्हां अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. महात्माजी जाऊन सहाच वर्षें झालीं होतीं. त्यांना डोळ्यांनीं पाहिलेलीं लाखों माणसें त्या रस्त्यानें जात होतीं. चूक झाली असती तर टांगेवाल्यानेंही ती दाखविली असती.

गांधीजींचा पुतळा करणें वरवर सोपें वाटतें. चष्मा, काठी, गुडघ्यापर्यंतचा पंचा, एवढें केलें कीं ओळख पटते. पण हीच त्यांतली फसगत आहे. विष्णूस शंखचक्रावरून ओळखावें तसें गांधीजींस चष्माकाठीवरून ओळखण्याची संवय आपल्या लोकांस लागली. हीं त्यांचीं आयुधें झालीं. ज्यास शरीर घडवितां येत नाहीं तो आयुधांवर भिस्त ठेवतो. आपल्या गांवोगांवच्या गांधीपुतळ्यांपैकीं बहुतेकांची काठी काढून घेतली तर तो म्हातारा कोणाचाही होईल. सरदाराच्या पुतळ्यास अंगरखा असतो, न्यायाधीशाच्या पुतळ्यास झगा असतो. चुका झांकावयास कापड पुष्कळ. उघड्या अंगाच्या, कृश, वयोवृद्ध पण चपळ पुरुषास घडवितांना झांकावयास कांहीं नाहीं. छातीचा पिंजरा, खांद्याचें हाड, पोटरीचा पीळ, सर्व खरें असावें लागतें. आणि तें खरें असूनही दुबळें दिसतां कामा नये. साठे यांनीं ओळख शरीराच्या ठेवणीवर सोंपविली, चिन्हांवर नव्हे, म्हणून त्यांच्या या कामास आम्ही वरची जागा देतों.

हीच दृष्टि त्यांच्या व्यक्तिशिल्पांत दिसते. लॉर्ड माउंटबॅटन व राजपुत्र फिलिप यांचींही शिल्पें त्यांनीं केलीं. कल्याणच्या गणेशमूर्तींपासून निघालेला हात इंग्लंडच्या राजकुलापर्यंत गेला, हें सांगतांना कित्येकांस अभिमान वाटतो. आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें तें असें कीं, कालपर्यंत साहेबांचे पुतळे विलायतेंतून घडून येत आणि आपण ते पाहत असूं. येथें पाहणारा व पाहिला जाणारा यांची जागा बदलली.

५

अवघड प्रश्न शिवछत्रपतींचा. मुंबईस अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियाजवळ, ता. २६ जानेवारी १९६१ रोजीं ज्या अश्वारूढ पुतळ्याचें उद्घाटन झालें तो साठे यांची सर्वांत प्रसिद्ध कृति होय. येथें शिल्पकारापुढें बसावयास कोणी नाहीं, छायाचित्र नाहीं. आणि तरीही हा पुरुष सर्वांच्या मनांत इतका स्पष्ट आहे कीं प्रत्येकाचा आपापला शिवाजी ठरलेला आहे.

पुरावा काय आहे तो थोडक्यांत मांडूं. सुरतेच्या इंग्रज वखारींतील पाद्री एस्कॅलिअट यानें १६६४ त लिहिलेल्या पत्रांत महाराजांचें वर्णन आहे: उंची बेताची, अंग ताठ व प्रमाणबद्ध, हालचाल चपळ, बोलतांना मुद्रा हंसरी, नजर तीक्ष्ण, वर्ण आपल्या लोकांहून उजळ. १६६६ त इकडे आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो हाही उंची लहान व डोळे तेजस्वी असेंच सांगतो. पण वर्ण सांवळा म्हणतो. दोघेही ऐकीव सांगत असावेत, तथापि उंची, चपळता व डोळे या तीन बाबतींत त्यांचा मेळ आहे. वर्णाविषयींचा मतभेद राहिला. त्या वादांतून धातूनें शिल्पकाराची आपोआप सुटका केली.

चित्रांकडे वळल्यास, दक्षिणेंतील चितारांनीं काढलेलीं व सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपियनांनीं नेलेलीं चित्रें ॲम्स्टरडॅम, लंडन व पॅरिस येथील संग्रहांत आहेत. मनूचीनें मीर महंमद या चिताराकडून करून घेतलेलें, पॅरिसांत असलेलें, तर अश्वारूढच आहे. आपल्याकडे पूर्वी भलत्याच इसमाचें चित्र शिवाजीचें म्हणून छापीत असत, वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं अस्सल परंपरेंतील चित्र प्रसिद्ध करून ती चूक मोडली, हें या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नकोच. करमरकरांचा पुतळा १९२८ चा, साठे यांचा १९६१ चा. मधल्या तेहेतीस वर्षांत पुराव्याची ही मोठी भर पडली, हें या दोन पुतळ्यांची तुलना करणारांनीं विसरूं नये.

परंतु चित्र आणि मूर्ति यांत एक भेद आहे. चित्र एकाच कोनांतून चेहरा दाखवितें. गरुडासारखें नाक, टोकदार दाढी, मोठे डोळे, एवढें तें देतें. पण त्या नाकाची जाडी किती, गालाचें हाड कोठें, मान खांद्यांत कशी बसते, पाठीमागून हा पुरुष कसा दिसतो, यांविषयीं चितार मौन धरतो. पुतळ्यास मौन धरतां येत नाहीं. त्यास चोहोंकडून उत्तर द्यावें लागतें. पोथींत ओळ तुटली तर आपण तेथें रेघा मारून जागा कोरी सोडतों. शिल्पकारास कोरी जागा सोडण्याची मुभा नाहीं. म्हणून ऐतिहासिक पुरुषाचा कोणताही पुतळा पूर्ण विद्ध असूं शकत नाहीं. जेथें पुरावा संपतो तेथें अविद्धाचा आरंभ होतो, आणि तो सांधा दिसूं न देणें हेंच कसब.

साठे यांनीं हा सांधा कसा जुळविला? आमच्या मतें त्यांनीं सादृश्याचा भार चेहऱ्यावरून उचलून बैठकीवर ठेविला. मुंबईच्या पुतळ्याकडे मनुष्य पाहतो तो खालून व दुरून. मागें गेटवेची पंचाऐंशी फूट उंचीची दगडी कमान आणि मोकळें आकाश. इतक्या अंतरावरून नाक-डोळ्यांचें बारीक काम वाया जातें. उरतो तो स्वार व घोडा मिळून झालेला एकच आकार. तो आकार ताठ, हलका व सावध आहे. घोडा व स्वार यांस एकच इच्छा आहे असें वाटतें. एस्कॅलिअटनें जें शब्दांत सांगितलें, बेताची उंची, ताठपणा, प्रमाणबद्धता, चपळता, तें येथें बैठकींत उतरलें आहे. पुराव्यांत ज्या गोष्टींविषयीं एकवाक्यता त्यांवर जोर आणि जेथें मतभेद तेथें संयम, ही चांगल्या संपादकाची रीत आहे. ती येथें एका शिल्पकारानें पाळली.

स्पेनमधील वास्तववादी शिल्पकार मारियानो बेन्लिउरे, जो म्हात्रे यांच्याप्रमाणें १९४७ सालींच वारला, त्याच्या माद्रिद येथील सेनापति मार्टिनेझ काम्पोस याच्या १९०७ च्या अश्वारूढ पुतळ्याची येथें आठवण होते. त्यांत मोहिमेवरून आलेला, जाड डगला घातलेला सेनापति आणि मान खालीं घातलेला दमलेला घोडा दाखविला आहे. ज्याच्या डोळ्यांसमोरचा पुरुष त्याला असें करतां येतें. दमलेपणाही तेथें पुरावाच आहे. तीनशें वर्षांपूर्वीच्या पुरुषाचा घोडा दमलेला दाखविण्याचें धाडस आमच्या शिल्पकारानें केलें नाहीं. आणि तें आमच्या लोकांनीं सहनही केलें नसतें. वास्तवशैली दोघांची, पण एकाची वास्तवता दिवसाची आहे, दुसऱ्याची स्मृतीची.

दोष सांगणेंही प्राप्त आहे. मुंबईच्या चौथऱ्याची उंची आम्हांस अधिक वाटते. वंदन करणारास ती योग्य वाटेल. पाहणारास ती दूर ढकलते. चेहऱ्यावर जें काम केलें आहे तें मग छायाचित्रकाराच्या दुर्बिणीपुरतें राहतें. चौथरा बहुधा शिल्पकाराच्या एकट्याच्या हातीं नसतो, हें आम्ही जाणतों. पण चौथरा हाही पुतळ्याचा भाग आहे, आणि तेथें कलावंताचें चाललें पाहिजे. दुसरा दोष त्या शैलीचाच आहे. दिल्लीस नेताजी व त्यांचे सैनिक यांचा जो समूह साठे यांनीं १९७५ त उभा केला त्यांत गणवेषानें ओळख इतक्या लवकर पटते कीं चेहऱ्याकडे व शरीराकडे पाहावयाची गरजच उरत नाहीं. गांधीजींच्या पुतळ्यांत जें टाळलें तें येथें थोडें शिरलें आहे.

६

या कृतींच्या स्थळांविषयीं दोन शब्द. मुंबईच्या पुतळ्याच्या जागीं पूर्वी पंचम जॉर्ज बादशहाचा ब्राँझचा पुतळा होता, आणि तो गणपतराव म्हात्रे यांच्या हातचा होता. म्हणजे तेथें एका परक्या राजाच्या जागीं स्वराज्यसंस्थापक आले एवढेंच घडलें नाहीं. ज्या शाळेनें म्हात्रे यांस घडविलें तिच्याच दुसऱ्या विद्यार्थ्यानें त्यांच्या कृतीची जागा घेतली. दिल्लीचा नेताजींचा समूह जेथें आहे त्या बागेंत थॉमस ब्रॉक या इंग्रज शिल्पकारानें केलेला सप्तम एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. तो आतां कॅनडांत टोरोंटो येथें आहे. ज्याचा तो राजा त्यांनीं तो मागून नेला, हें एका परी ठीक झालें. म्हात्रे यांची कृति मात्र आपल्याच माणसाची. राजा नकोसा झाला म्हणून शिल्पकार नकोसा होऊं नये. मुंबईंतील काळा घोडा १९६५ सालीं रस्त्यावरून काढला तरी भायखळ्याच्या बागेंत जपून ठेविला आहे; विलायती बोएमला जो मान मिळाला त्यास मराठी म्हात्रे अपात्र कसे, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

शिवाय या स्थळास कल्याणचा एक जुना धागा आहे. १६५७ त कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर महाराजांच्या आरमाराचा पाया याच खाडीवर घातला गेला. ज्या गांवीं गलबतें बांधलीं गेलीं त्या गांवच्या कारागिरानें समुद्राच्या तोंडावर महाराजांस उभें करावें, हा योग कोणी जुळवून आणला नव्हता, तो जुळला.

७

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. पोथ्यांच्या बाबतींत आपण एक तत्त्व मानतों. प्रतीवरून प्रत होते, तिच्यावरून तिसरी होते, आणि प्रत्येक वेळीं एखादी चूक शिरून पुढें चालते. म्हणून आदर्श प्रत कोणती तें आधीं शोधावें. भांडारकर मंदिरांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति याच तत्त्वावर सिद्ध झाली. पुतळ्यांचें अगदीं असेंच आहे. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांत शिवछत्रपतींचे जे असंख्य पुतळे झाले त्यांपैकीं पुष्कळ चित्रांवरून किंवा वर्णनांवरून झालेले नाहींत. ते पुतळ्यांवरून झालेले आहेत. करमरकरांचा एक वंश आहे, साठे यांचा एक वंश आहे, आणि दोहोंच्या संकरानें झालेल्या प्रतींस तर गणती नाहीं. प्रत्येक नकलेंत घोडा थोडा अधिक फुगतो, छाती थोडी अधिक पुढें येते, तलवार लांबते. शंभर वर्षांनीं कोणी संशोधक या पुतळ्यांवरून महाराजांचें रूप ठरवूं लागला तर त्याची काय गत होईल! त्यास आदर्श प्रत सांपडली पाहिजे. ती कोठें सांपडेल? ब्राँझमध्यें नव्हे; त्याच्या आधींच्या प्लास्टरांत आणि मातीच्या लहान नमुन्यांत.

ब्राँझचा पुतळा कसा होतो हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्याकरितां सांगतों. लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा उभारतात. त्यावरून साचा घेऊन प्लास्टरची प्रत काढतात. पुढें तिच्यावरून मेणाची पोकळ प्रत होते. मेणाबाहेर पुन्हा साचा चढवून भाजतात, मेण वितळून जातें, आणि मोकळ्या झालेल्या जागेंत धातूचा रस ओततात. मेणाची ही रीत मानसोल्लासांतही सांगितलेली आहे. मेणाच्या वजनावरून धातूचें वजन कसें काढावें तेंही तेथें दिलें आहे. यांत शिल्पकाराचा स्वतःचा हात मातीला लागतो. माती मोडली जाते, मेण जळतें. हाताच्या सर्वांत जवळची जी वस्तु उरते ती प्लास्टर. आणि तिचीच आपल्याकडे सर्वांत हेळसांड होते, कारण ओतकाम झाल्यावर ती अडगळ ठरते.

या दृष्टीनें डोंबिवलींत साठे यांच्या कृतींचें जें शिल्पालय आहे त्याची योग्यता मोठी आहे. पुष्कळ लोक तें प्रेक्षणीय स्थळ म्हणून पाहतात. आम्ही त्यास दप्तरखाना म्हणूं. जे पुतळे दिल्ली-मुंबईच्या चौथऱ्यांवर हाताबाहेर आहेत त्यांच्या शिल्पाची ओळख तेथें डोळ्यांच्या पातळीवर होते, आणि चौथऱ्याविषयींची आमची तक्रार तेथें आपोआप मिटते. मध्यंतरी आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन गेलों होतों. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, हे खरे कीं ते खरे?” आम्हीं कांहीं उत्तर दिलें खरें, पण तो प्रश्न आमच्या उत्तराहून चांगला होता.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. आमच्या भागांतील एका जुन्या संस्थेच्या आवारांत तिच्या संस्थापकाचा अर्धपुतळा आहे. लहानपणापासून तो आमच्या पाहण्यांत. कपाळावरच्या दोन आठ्या व मिटलेल्या ओठांचा एक कोपरा यांवरून घडविणारा कोणी तयारीचा होता हें लक्षांत येई. सेवानिवृत्त झाल्यावर त्याचें नांव शोधावें असें मनांत आलें. बैठकीवर अनावरण करणाराचें, अध्यक्षाचें व देणगीदारांचें नांव आहे, शिल्पकाराचें नाहीं. दप्तर मागितलें तर त्या सालची ठरावांची वही वाळवीनें खाल्लेली निघाली. पुढल्या जयंतीस गेलों तों पुतळ्यास सोनेरी तैलरंग दिलेला! आठ्या बुजल्या, ओठांचा कोपरा भरून आला. आणि पाहुण्यांनीं पुतळा कसा नवा झाला म्हणून कौतुक केलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलावयास पाहिजे होतें. नाणेघाटाच्या प्रतिमा नाहींशा व्हावयास शतकें लागलीं. येथें एक डबा रंग पुरला.

तेव्हां जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या बंधूंस विनंति अशी: बखरी, सनदा व पत्रें आपण जमवितां, त्यांबरोबर पुतळ्यांचेही कागद जमवावेत. स्मारकसमित्यांचे ठराव, शिल्पकारांशीं झालेला पत्रव्यवहार, ओतकामाच्या पावत्या, मापांचीं टिपणें, मातीच्या पुतळ्याचीं छायाचित्रें, हीं आज रद्दींत जात आहेत. ठाणें, कल्याण, भिवंडी, वसई एवढ्याच टापूंतील पुतळ्यांची यादी कोणीं करील आणि प्रत्येकापुढें शिल्पकाराचें नांव, वर्ष, आधारचित्र व प्लास्टरचें ठिकाण लिहील, तर पुढच्या पिढीस भासाच्या नाटकांतला देवकुलिक मिळाल्यासारखें होईल. हें काम खर्चाचें नाहीं, पायपिटीचें आहे.

साठे यांचें नांव आज सर्वतोमुखी आहे, म्हणून त्यांची काळजी नाहीं, असें कोणीं समजूं नये. म्हात्रे यांचें नांवही एके काळीं असेंच होतें. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या नंद नांवाच्या एका लोहारानें वाट करून दिल्याचा लेख आहे. त्यानें घडविलेल्या लोखंडापैकीं आज एक खिळाही उरला नाहीं, पण तो कल्याणचा होता व त्याचें नांव नंद होतें हें आपणांस कळतें, कारण कोणीं तरी तें दगडांत कोरून ठेविलें. त्याच गांवच्या दुसऱ्या एका कारागिराचें ब्राँझ अनेक शतकें टिकेल यांत शंका नाहीं. त्याखालीं त्याचें नांव टिकतें कीं नाहीं, हें मात्र आपल्यावर आहे.